दुधाच्या दातांचे अर्थकारण

‘दुधाचेच दात, ते पडायचेच आहेत, त्यांच्यासाठी दवाखाना कशाला?’ श्रमिकांच्या वस्त्यांतून हा प्रश्न सर्रास ऐकू येतो आणि सुशिक्षित मंडळी त्याला अज्ञान म्हणून मोकळी होतात. वस्तुतः या प्रश्नात अज्ञानापेक्षा हिशेब अधिक आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या आईला मुलाच्या किडलेल्या दाढेपायी केवळ दंतवैद्याची फी मोजावी लागत नाही. तिचा दिवसाचा रोज बुडतो, तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याचे एस्टीभाडे पडते आणि कीड मुळापर्यंत गेली असल्यास हे सारे दोन-तीनदा करावे लागते. पडणाऱ्या दातासाठी घरातले धान्य पणाला लावू नये, असा निष्कर्ष ती काढते. तो चुकीचा आहे. पण तो तिने निवडलेला नाही, तिच्यावर लादलेला आहे.

चुकीचा अशासाठी की, दुधाच्या दाढा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या की मुलाला धड चावता येत नाही, झोप लागत नाही, शाळा बुडते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती. ही कीड जिवावरही बेतू शकते. २००७ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका बारा वर्षांच्या गरीब मुलाच्या दाताचा जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला आणि तो दगावला. दात वेळीच काढण्यास सुमारे ऐंशी डॉलर लागले असते. अखेरच्या उपचारांवर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले. जगातील सर्वांत धनाढ्य देशात हे घडले, कारण तेथेही गरिबांच्या मुलांचे दात बाजाराच्या हवाली केलेले आहेत.

आपल्याकडे दंतवैद्यांची वाण आहे, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. लाखो रुपये फी भरून बाहेर पडलेला तरुण दंतवैद्य ती फी वसूल होईल अशाच ठिकाणी, म्हणजे शहरात, दवाखाना थाटतो. ज्याला ते जमत नाही, तो दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतो. एकीकडे काम नसलेले दंतवैद्य आणि दुसरीकडे उपचार न मिळालेली मुले! चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत, अशातली ही गत आहे. बाजाराला गरज दिसत नाही, फक्त पैशाने पुरस्कृत झालेली मागणी दिसते, या अर्थशास्त्रीय सत्याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

मग शासन काय करते? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी होते आणि दंतविकारांचा त्यात समावेश आहे. परंतु नोंद म्हणजे उपचार नव्हे. चिठ्ठी हाती पडल्यावर मुलाला ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात नेण्याचा भार पुन्हा त्या आईवरच येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वसाधारणपणे दंतवैद्याचे पदच नसते. सरकारी आरोग्यविम्याचा रोख रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. दाढ भरून घेण्यासारख्या साध्या उपचाराला त्यात वाव नाही. आजार स्वस्तात बरा होण्याजोगा असताना हात आखडता घ्यायचा आणि तो महाग झाल्यावर तिजोरी उघडायची, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे.

पर्याय नाही, अशी सबब सांगता येणार नाही. न्यूझीलंडने १९२१ साली तरुण स्त्रियांना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शालेय दंत-परिचारिका म्हणून नेमण्यास प्रारंभ केला आणि दवाखाना शाळेच्या दारी नेला. आज तर साधने अधिक सोपी झाली आहेत. कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव्य आणि दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. पहिल्याने दातावर काळा डाग राहतो खरा. परंतु त्यासाठी ना भूल लागते ना यंत्र.

महाराष्ट्राला तर या प्रश्नाची विशेष लाज वाटली पाहिजे. हे राज्य देशाला साखर पुरवते. तो ऊस तोडणाऱ्यांची मुले हंगामभर कोपीवर राहतात. शाळा सुटते, तशी शाळेतली तपासणीही सुटते. दिवसभर फडात राबणारी आई पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर मुलाची भूक भागवते. सप्टेंबर २०२५ मध्ये दातांचा ब्रश आणि टूथपेस्ट यांवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्याच दिवशी बिस्किटांवरील करही तितकाच उतरला. करधोरणाला मुलांच्या दातांची चिंता कितपत आहे, हे यावरून कळावे.

ब्रिटनमध्ये १९५१ साली शस्त्रसज्जतेच्या खर्चासाठी कवळी व चष्म्यांवर आकार बसवण्याचे ठरले, तेव्हा राष्ट्रीय आरोग्यसेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. रक्कम क्षुल्लक होती. तत्त्व क्षुल्लक नव्हते. कार्यकर्त्यांनी हा विषय किरकोळ मानू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित दंतसहायक, तपासणीच्या ठिकाणीच प्राथमिक उपचार, खाजगी दंत महाविद्यालयांवर आपल्या परिसरातील शाळांची सक्तीची जबाबदारी आणि ऊसतोडीच्या तळांवर फिरते दंतपथक, या चार मागण्या जिल्हा परिषदांपासून विधिमंडळापर्यंत लावून धरल्या पाहिजेत. मूल रात्री दाढ धरून रडते, तेव्हा आईला हिशेब मांडावा लागू नये, एवढे तरी या राज्याने साधावयास हवे.