बाळाच्या मुठीत भविष्य शोधू नका

नवजात बाळाची मूठ मी रोज उघडून पाहते. तळहातावर दोन आडव्या रेघांऐवजी एकच दिसली, तर डोळे, कान, अंगाचा सैलपणा पुन्हा नीट तपासते; डाउन सिंड्रोममध्ये अशी रेघ बरेचदा आढळते. पण ती ठणठणीत माणसांच्या हातावरही असते. त्यामुळे निदान होतं ते रक्तातल्या गुणसूत्रांच्या तपासणीनेच.

या घड्या आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या महिन्यात पडतात. त्यात लग्न आणि परदेशवारी कुठून येणार? हस्तसामुद्रिक जुनं आहे, मान्य. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही हातावरच्या रेषांची लक्षणं आहेत. आयरिश हस्तरेषातज्ज्ञ ‘कीरो’ (१८६६–१९३६) तर ही विद्या कोकणातल्या ब्राह्मणांकडून शिकल्याचं सांगायचा. मार्क ट्वेनने त्याला हात दाखवला होता. पण जुनेपणा आणि ख्याती म्हणजे पुरावा नव्हे.

‘आयुष्यरेषा तुटकी’ हे ऐकून बाळाच्या लसीचा दिवस चुकवून ग्रहशांती करायला गेलेली बाळंतीण मी पाहिली आहे. तिच्या डोळ्यांतली भीती खरी होती. म्हणून मला वाटतं, घरी सोडतानाच या रेघांविषयी दोन वाक्यं आम्ही डॉक्टरांनी आईला, आणि आजीलाही, समजावून सांगायला हवीत.