मत्स्य अभियंता कोणाचा?

बारावीचे निकाल लागले की किनारपट्टीवर काम करणाऱ्या आमच्या साथींकडे एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी असतात, आई बाजारात पाटी घेऊन बसते, मुलाला किंवा मुलीला विज्ञानात बरे गुण पडलेले असतात, आणि मत्स्य अभियांत्रिकी नावाची एक विद्या असून तिच्यात पोटापाण्याची सोय होते, असे कोणीतरी कानावर घातलेले असते. 'शिकवावे काय?' एवढेच ते विचारतात. कार्यकर्ता बहुधा 'शिकवा, शिक्षण कधी वाया जात नाही' असे सांगून मोकळा होतो. हे उत्तर चूक नाही. परंतु ते अपुरे आहे. मूल अभियंता होईल, पण ते कोणाचा अभियंता होईल, हा प्रश्न त्या कुटुंबाने विचारला नसला तरी समाजवादी कार्यकर्त्याने तो स्वतःला विचारलाच पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले. पुढे नागपूर व उदगीर येथेही अशी महाविद्यालये निघाली. या चार वर्षांच्या पदवीत अभियांत्रिकी हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो. बोटीची बांधणी, सागरी इंजिन, शीतकरण, तळ्यांची आखणी यांची त्यात तोंडओळख होते. केवळ मत्स्य अभियांत्रिकीची स्वतंत्र पदवी घ्यायची तर तामिळनाडूत नागपट्टिणमला जावे लागते. तेथील मत्स्य विद्यापीठ २०१२ साली स्थापन झाले. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय संस्था १९६१ पासून आहे. आणि ज्यांना दहावीनंतरच समुद्रावरचे तांत्रिक काम शिकायचे आहे त्यांच्यासाठी कोचीनची केंद्रीय प्रशिक्षण संस्था १९६३ पासून तांडेलकीचे व इंजिनाचे शिक्षण देत आली आहे. हा मार्ग आपल्या कोळीवाड्यांत फारसा कोणाला ठाऊक नसतो, हे आमच्या शाखांना भूषणावह नाही.

ही सारी विद्या सार्वजनिक पैशावर उभी आहे. मात्र ती घेऊन बाहेर पडलेला तरुण कोठे जातो, याचा शोध घेतला म्हणजे मन विषण्ण होते. कोणी कोळंबीच्या निर्यातीच्या कारखान्यात जातो, कोणी मत्स्यखाद्य विकणाऱ्या कंपनीत, कोणी बँकेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो, आणि पुष्कळजण स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभे राहतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या होडीतून त्यांचे शिक्षण निघाले त्या होडीपाशी त्यांच्यासाठी जागाच निर्माण झालेली नाही.

तंत्रज्ञान आणले की गरिबाचे भले आपोआप होते, या समजुतीची फार मोठी किंमत या देशातील मच्छीमारांनी एकदा मोजलेली आहे. १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे व भारत यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा परिसरात नॉर्वेचे तज्ज्ञ आले. हेतू निर्मळ होता. किनाऱ्यावरील गरीब मच्छीमाराला लहान यांत्रिक बोट द्यावी, बर्फ द्यावा, पिण्याचे पाणी व दवाखाना द्यावा, आणि त्याचे उत्पन्न वाढवावे, असा तो कार्यक्रम होता. दवाखाना आला, नळ आले, बोटीही आल्या. परंतु थोड्याच वर्षांत अमेरिका आणि जपान यांची कोळंबीची भूक या किनाऱ्यापर्यंत पोचली, आणि समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉलजाळ्यात सोने आहे हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. ज्याने कधी वल्हे हाती धरले नव्हते त्याने बोटी विकत घेतल्या. मूळ मच्छीमार काही ठिकाणी त्याच बोटींवर मजूर झाला. उरलेल्यांच्या जाळ्यांवरून त्या बोटी जाऊ लागल्या. पुढे केरळात उपोषणे झाली, सत्याग्रह झाले, आणि १९८८ साली पावसाळ्यातील ट्रॉलिंगवर तेथे बंदी आली. गोव्याच्या रापणकरांचा लढा याच काळातला, आणि १९७८ साली मच्छीमारांची देशव्यापी संघटना उभी राहिली तीही याच संघर्षातून. नॉर्वेच्या अभियंत्यांची बोट चांगली होती. तिची मालकी कोणाकडे राहील, एवढेच कोणी आखून ठेवले नव्हते.

आमच्या किनाऱ्यावर आज वेगळे काय चालले आहे? राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही काळोख्या रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहणारा रापणकर ते दिवे दाखवून देतो. त्या बोटीवरचे जनित्र, दिव्यांची जोडणी, जाळे ओढणारे यंत्र हेही कोण्या जाणकाराच्याच हातचे असते. तंत्राला पक्ष नसतो असे सांगणाऱ्यांना आम्ही त्या दिव्यांकडे बोट दाखवू.

याच्या उलट उदाहरणही आहे. कन्याकुमारी जिल्ह्यात मुट्टम येथे १९८० नंतर मच्छीमार संस्थांच्या महासंघाने प्लायवूडची लहान होडी विकसित केली. तेथील मच्छीमार ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर समुद्रात जात. त्यासाठी लागणारे लाकूड दुर्मिळ व महाग होत चालले होते. फुटणाऱ्या लाटांतून आत जाईल आणि वाळूवर ओढून घेता येईल अशी होडी हवी होती. आराखडे कागदावर झाले, होड्या मच्छीमारांच्या हाती दिल्या गेल्या, त्यांच्या तक्रारी ऐकून त्या पुन्हा बदलल्या गेल्या. महत्त्वाचे हे की बोटबांधणीची शाळा आणि इंजिन दुरुस्तीची कार्यशाळा महासंघाच्या मालकीची राहिली. या कामात अभियंता होता. परंतु त्याचे गिऱ्हाईक, त्याचा परीक्षक आणि त्याचा मालक मच्छीमारच होता.

आपल्याकडे अशा अभियंत्याची गरज किती आहे, हे सांगायला फार लांब जायला नको. मुंबईच्या किनारी रस्त्याचा पूल वरळीच्या कोळ्यांच्या वाटेत आला, तेव्हा दोन खांबांमधील ६० मीटर अंतर होड्यांना पुरेसे आहे, असे तज्ज्ञांच्या आधारे सांगण्यात आले. वारा व लाटा बाजूने येतात तेव्हा होडी सरळ रेषेत जात नाही, हे तेथील कोळी सांगत होते. त्यांनी काम अडवले, ते वर्षानुवर्षे झगडले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे सरकारला मान्य करावे लागले. पिढीजात ज्ञान खरे ठरले. पण ते आकड्यांच्या भाषेत मांडणारा माणूस कोळ्यांच्या पदरी पगारावर असता तर एवढी वर्षे लागती ना. पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाची योजना जून २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. तेथेही प्रवाह, गाळ आणि पापलेटची पिल्ले यांच्याविषयीचे अहवाल बंदर बांधणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले आहेत.

मोठ्या लढ्यांचे राहू द्या. रोजचे काम पाहा. उष्ण हवेत एक किलो मासळी टिकवायला साधारण एक किलो बर्फ लागतो. ज्या लहान बंदरात बर्फ नाही तेथे व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन मासळी द्यावी लागते. मालमोटारीचे इंजिन फेरफार करून बोटीला बसवण्याची रीत आहे. त्याला जोडलेला पंखा बोटीच्या जातीला जुळणारा नसला की डिझेल वाया जाते, आणि मालक ते खलाशाच्या वाट्यातून कापतो. ट्रॉलजाळ्याचा आस नेहमीचा, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल तर ओढ बसताच तो मिटतो व पिल्ले आत अडकतात. शेवटच्या पिशवीत चौकोनी आस लावला तर तो उघडा राहतो व पिल्ले निसटतात. कोचीनच्या केंद्रीय संस्थेने यावर पुष्कळ काम केले आहे. ते काम सातपाटीच्या किंवा हर्णैच्या धक्क्यावर आणून, तांडेलाबरोबर दोन फेऱ्या मारून, त्याचा तोटा किती व फायदा किती हे मांडून दाखवणारा कोणी नाही. ससून डॉकमध्ये बर्फाळ पाण्यात हात घालून बायका कोळंबी सोलतात. १९९७ साली युरोपने भारतीय मासळी नाकारली तेव्हा निर्यातीच्या कारखान्यांतील फरशा, गटारे, शीतगृहे झपाट्याने सुधारली आणि मासळीचे तापमान वहीत लिहिले जाऊ लागले. सोलणारीच्या बोटांसाठी त्या वहीत रकाना नाही. आणि हे केवळ समुद्राचे नाही: भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढिवर बांधवांना गाळ, बांध आणि तुडुंब यांची चिंता हीच अभियांत्रिकीची चिंता आहे.

सहकारी साखर कारखान्याला चीफ इंजिनिअर असतो, चीफ केमिस्ट असतो. त्यांच्याविना गाळप हंगाम सुरू होईल अशी कल्पनाही कोणी करीत नाही. मच्छीमार सहकारी संस्थेला मात्र अध्यक्ष असतो, सचिव असतो, डिझेलच्या परताव्याचे कागद रंगवणारा कारकून असतो, अभियंता नसतो. ऊसवाल्यांनी राज्यसत्तेकडून भागभांडवल व हमी मिळवली, कोळ्यांच्या वाट्याला डिझेल पंप आला. आम्हीही या दोषातून सुटत नाही. ट्रॉलरविरोधी मोर्चांत आम्ही पुढे होतो, बंदीच्या मागण्या आम्ही आवाज चढवून केल्या. पण बंदीनंतर लहान होडीने कसे कमवावे हा विषय आमच्या शिबिरांत क्वचितच निघाला.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक सागरी जिल्ह्यातील मच्छीमार संस्थांच्या संघाला निदान एक मत्स्य अभियंता मिळावा. पहिली काही वर्षे त्याचा पगार शासनाने द्यावा. नेमणूक व कामाची आखणी संघाने करावी. मत्स्य महाविद्यालयातील अंतिम वर्षाचे अनुभवाचे शिक्षण कारखान्याऐवजी अशा संघाकडेही घेता यावे. खलाशाच्या व मासळी विकणारीच्या मुलांना वसतिगृह आणि शुल्क यांची संपूर्ण सवलत असावी. विशेषतः मुलींना, कारण मासळीचा बाजार त्यांच्या आयांनी चालवला आणि यंत्र मात्र नेहमी पुरुषाच्या हाती गेले.

दारात आलेल्या त्या कुटुंबाला 'होय, शिकवा' असेच सांगावे. प्रवेशाचे कागद भरायला शाखेने मदत करावी, कोचीनच्या अभ्यासक्रमाची माहितीही द्यावी. त्यानंतर मात्र त्या मुलाचा पत्ता शाखेच्या वहीत असला पाहिजे. सुटीत तो गावी आला की त्याला संस्थेच्या बर्फखान्यात न्यावे, बंद पडलेले यंत्र दाखवावे, तांडेलांसमोर बसवावे. पुढच्या जिल्हा शिबिराला येताना किनारपट्टीच्या शाखांनी दोन याद्या सोबत आणाव्यात: आपल्या तालुक्यातील किती मुले ही विद्या शिकली व सध्या कोठे आहेत, आणि किती मच्छीमार संस्थांचे बर्फखाने व कार्यशाळा बंद पडून आहेत.