छडी गेली, अधिकार कोणी नेला?

‘मास्तरांचा धाक उरला नाही’ हे रडगाणे दर शिक्षकदिनी नव्याने आळवले जाते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. तेव्हापासून वर्गातील बेशिस्तीचे खापर याच कलमाच्या माथी फोडले जाते. हा युक्तिवाद सोयीचा आहे, खरा नाही.

छडीने मिळते ती शांतता, अधिकार नव्हे. शिवाय छडीने समता कधी पाळली? पाटलाच्या मुलाच्या तळहातावर ती हलकेच टेकत असे. शेतमजुराच्या मुलाच्या पाठीवर ती मोडत असे. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागलेल्या सावित्रीबाई फुले यांच्या पाठीशी ना जातीची प्रतिष्ठा होती, ना राजसत्ता. रस्त्याने जाताना त्यांच्यावर शेण फेकले जाई. तरीही मुली त्यांच्यापाशी शिकल्या.

विषयावरील प्रभुत्व, सर्व मुलांना एकच न्याय आणि ‘हे मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो’ असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा यांतून शिक्षकाचा अधिकार उभा राहतो. ज्या शिक्षकाचे खरे अध्यापन शाळा सुटल्यावर खासगी शिकवणीत सुरू होते, त्याने तो स्वतःच विकलेला असतो.

परंतु उरलेला अधिकार हिरावून घेतला तो शासनाने. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांसाठी शिक्षकाला वर्गाबाहेर काढण्याची वाट मोकळी ठेवली. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. २०२२ संपेपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाच्या हाती महिन्याला अवघे ६,००० रुपये पडत. २०२३ पासून ते १६,००० झाले, पण तीन वर्षांची टांगती तलवार कायम राहिली. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची अवस्था निराळी नाही. आपला शिक्षक कोणापुढे मान तुकवतो, हे मुले अचूक हेरतात.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्रशिक्षित, शेतकरी वर्गातून आलेल्या आणि पुरेसे वेतन मिळणाऱ्या शिक्षकांची मागणी केली होती. ती मागणी अपुरी ठेवून छडी परत मागणे म्हणजे शासनाच्या अपराधाची शिक्षा मुलांच्या पाठीवर देणे होय. शिक्षक संघटनांनी लढावे ते वेतनासाठी, सेवेच्या शाश्वतीसाठी, अध्यापनाच्या पूर्ण वेळेसाठी. ताठ मानेच्या शिक्षकाला छडीची गरज पडत नाही.