प्रार्थनेतून टोमणे नकोत



आपल्यातल्या बऱ्याच घरांत रात्री जेवणाच्या आधी नाहीतर नंतर कुटुंबाची प्रार्थना होते. जिथे होत नाही, तिथेही ‘सुरू करायला हवी’ असं आईच्या मनात असतंच. त्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी पाळकबाई नाही, बायबल कॉलेजात शिकलेली नाही. २२ वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, दोन मुलं वाढवली आणि या दहा मिनिटांत एक मोठी चूक कित्येक वर्षं करत राहिले. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

माझा मुलगा दहावीत होता. दुपारी त्याच्या दप्तरातून डबा काढायला गेले, तर तळाशी चार घड्या घातलेला गणिताचा पेपर सापडला. ५० पैकी ११. आदल्या दिवशीच मी विचारलं होतं, तर म्हणाला होता, “अजून पेपर दिले नाहीत.” मी त्याला काही बोलले नाही. संध्याकाळी हे कामावरून दमून आले, सासूबाईंना बरं नव्हतं, म्हणून राग तसाच गिळला. रात्री चटईवर बसलो. गीत झालं, वचन वाचलं आणि प्रार्थना मी केली. “हे प्रभू, या घरात जो खोटं बोलतो त्याला क्षमा कर. आईबापांच्या कष्टाची ज्याला जाणीव नाही त्याला बुद्धी दे. दिवसभर मोबाइल घेऊन बसणाऱ्याला तू जागं कर.” माझा आवाज भरून आला होता. मला वाटलं, किती मनापासून प्रार्थना झाली!

आमेन म्हटल्यावर मुलगा उठला नाही. खाली बघत हळूच म्हणाला, “मम्मी, तू आत्ता देवाशी बोलत नव्हतीस, माझ्याशी बोलत होतीस. आणि मला उत्तर पण देता येत नव्हतं. मधेच बोललो असतो तर म्हणाली असतीस, प्रार्थनेत बोलतोस.”

मी “जा, झोप जा” एवढंच म्हणाले. मला नाईट ड्यूटीला जायचं होतं. त्या रात्री वॉर्डात सलाईन बदलताना, ताप बघताना तेच वाक्य कानात घुमत होतं. त्याने पेपर लपवला, ही त्याची चूक होतीच. पण मी केलं ते कमी नव्हतं. मला त्याला झापायचं होतं आणि त्यासाठी मी देवाला मधे घेतलं होतं.

बहिणींनो, आई ओरडली तर मूल उलट बोलतं, रडतं, रुसतं, ‘तसं नव्हतं गं’ म्हणून आपली बाजू सांगतं. प्रार्थनेतून टोमणा मारला की त्याच्या हातात काहीच उरत नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि वर ‘आमेन’ही म्हणायचं, म्हणजे स्वतःवरच्या आरोपावर स्वतःच सही करायची. असं रोज झालं की मुलाला देवाचा आवाज आणि रागावलेल्या आईचा आवाज एकच वाटू लागतो. पुढे कधी ते मूल खरोखर अडचणीत सापडलं, त्याच्याकडून काही वाईट घडलं, तर ज्या दाराशी नेहमी बोलणीच खाल्ली, ते दार ते कसं ठोठावेल?

हे फक्त मुलांच्या बाबतीत होतं असं नाही. सून चटईवर बसलेली असताना “प्रभू, या घरातल्या लेकीसुनांना नम्र मन दे” अशी प्रार्थना होते आणि ती कुणासाठी आहे हे घरातल्या मांजरालाही कळतं. महिला मंडळात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून कुणाच्या तरी मुलीचं नाव घेतलं जातं, सोबत दोन वाक्यांची माहिती येते, आणि प्रार्थना संपायच्या आत ती माहिती चार घरी जायला तयार असते. तीन वर्षांचं लेकरू भात खात नाही म्हणून आपण त्याला सांगतो, “येशूला वाईट वाटेल हं.” मीही सांगितलं आहे. घास भरवायला येशूची भीती कशाला हवी? चिमणीचा न् काऊचा घास पुरतो की.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परूशी आणि जकातदाराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. मी तो नेहमी ‘गर्व करू नये’ एवढ्यापुरताच ऐकला होता. त्या रात्रीनंतर पुन्हा वाचला तेव्हा कळलं, परूशी माझ्यासारखंच करत होता. मंदिरात उभा राहून तो देवाला शेजारच्या माणसाबद्दल सांगत होता. जकातदार मात्र फक्त स्वतःबद्दल बोलला, तेही एकाच वाक्यात. देवाने कुणाचं ऐकलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रार्थनेत फक्त माझं सांगितलं. “प्रभू, काल मला राग आला होता. तो मी नीट बोलून दाखवला नाही. तुझ्या नावाआड लपून माझ्या मुलाला बोलले. मला क्षमा कर.” मग डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघून त्याचीही क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पुढचे पंधरा दिवस चटईच्या कडेलाच बसत होता. त्यानंतर आठवड्याने मी मेथी निवडत असताना आपणहून जवळ आला आणि सांगू लागला, की गणित त्याला आठवीपासूनच कळत नव्हतं आणि वर्गात विचारायची लाज वाटत होती. माझी प्रार्थना हे कधीच ऐकू शकली नसती, कारण तिच्यात फक्त मीच बोलत होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं. रागवायचं असेल तर दिवसा रागवा, समोर बसवून, डोळे उघडे ठेवून, आणि त्याचं ऐकून घ्या. जे तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही, ते प्रार्थनेत आणू नका. मुलासाठी काकुळतीने मागायचं असेल तर ते एकट्याने मागा. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला प्रभूने सांगितलं आहे. आपल्या घरांत खोल्या कमी असतात, म्हणून मी पहाटे स्वयंपाकघरात कणीक मळताना ती प्रार्थना करते.

दुसरं, सगळ्यांसमोर बोलताना मुलाबद्दल उपकार माना, आणि नेमक्या गोष्टीसाठी माना. ‘चांगला मुलगा दिलास’ एवढं म्हणून होत नाही. “आज याने न सांगता आजीच्या पायाला तेल लावलं, त्याबद्दल तुझे उपकार,” असं म्हणा. मूल मान खाली घालून ऐकत असतं. आपली आई आपल्याबद्दल देवाला चांगलं सांगते, हे त्याने ऐकलेलं पुढे फार दूरवर पुरतं.

तिसरं, आपली चूकही त्या चटईवर येऊ द्या. मोठ्यांचे पैशाचे, नात्यातले गुंते मुलांपुढे मांडायचे नाहीत, ते ओझं त्यांचं नव्हे. पण ‘आज मी विनाकारण चिडले’ हे कबूल करायला काय हरकत आहे? आपण प्रभूच्या प्रार्थनेत रोज क्षमा मागतो. घरात कुणी कुणाची क्षमा मागताना मुलाने कधी पाहिलंच नसेल, तर तो शब्द त्याला पाठ होतो, कळत मात्र नाही.

चौथं, मराठी सोपी ठेवा आणि प्रार्थना लहान ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बाईलाही कळावं म्हणून. १९२२ साली मरण येईपर्यंत त्या या कामात होत्या. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीही ‘सुबोध बायबल’ त्याच तळमळीने केलं. एवढ्या मोठ्या माणसांनी सोपं बोलण्यासाठी आयुष्य वेचलं, आणि आपण पाच वर्षांच्या लेकरापुढे ‘पाचारण’, ‘तारण’, ‘अभिषेक’ म्हणत वीस मिनिटं प्रार्थना करतो. ते पेंगतं, मग आपण त्याला चिमटा काढतो. एक भजन, चार-पाच ओळींचं वचन, प्रत्येकाचं एकेक वाक्य आणि प्रभूची प्रार्थना, एवढं पुष्कळ झालं. रेव्हरंड टिळकांची कितीतरी गीतं ‘उपासना संगीत’मध्ये आहेत, त्यांतलं एखादं घ्या आणि धाकट्याच्या हातात टाळ द्या. जो टाळ वाजवतो तो पेंगत नाही.

“सगळे एका वेळी घरात असतात कुठे?” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आमच्याकडे माझी ड्यूटी, यांची शिफ्ट, मुलांचे क्लास. आठवड्यातून चारच दिवस जमायचं. तेवढ्यावर भागवलं. माझी रात्रपाळी असली की हे फोन स्पीकरवर लावायचे आणि मी चेंजिंग रूममध्ये उभी राहून आमेन म्हणायची. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांशी देवाच्या गोष्टी कधी बोलाव्यात ते सांगितलं आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. म्हणजे चटई चुकली म्हणून सगळं चुकलं असं नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलीशीही बोलता येतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मूल मोठं होतं आणि एक दिवस म्हणतं, “मी बसणार नाही, माझा विश्वास नाही.” माझ्या मुलीने बारावीत असताना हे म्हटलं. अशा वेळी आईचा जीव तुटतो, आणि मग आपण एकतर जबरदस्ती करतो, नाहीतर रडून तिला अपराधी करतो. असं करू नका, अशी हात जोडून विनंती आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर पुन्हा वाचा. नसेल तर आणा. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत नवऱ्याकडे आल्या त्याही आपलं सोवळंओवळं सांभाळून. मग स्वतः विचार करत करत, एकेक गाठ स्वतःच्या हाताने सोडत त्या प्रभूकडे आल्या. म्हणूनच त्यांचा विश्वास उसना वाटत नाही.

संत ऑगस्टीनची आई मोनिका हिची गोष्टही आपल्याला माहीत आहे. मुलगा भलत्याच वाटेला लागला, तेव्हा ती एका बिशपांकडे गेली आणि ‘तुम्ही त्याला समजवा’ म्हणून मागे लागली. बिशपांनी तिला सांगितलं की त्याला सध्या तसंच राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना करत राहा. ऑगस्टीनने हे स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. त्याचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलानमध्ये झाला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. मुलाशी देवाबद्दल बोलण्यापेक्षा देवाशी मुलाबद्दल जास्त बोलायचे दिवस प्रत्येक आईला येतात. माझी मुलगी अजून चटईवर बसत नाही. पण प्रार्थना चालू असताना ती टीव्हीचा आवाज कमी करते, आणि संपली की सगळ्यांची ताटं वाढते. मी तिला त्याबद्दल काही म्हणत नाही. देवाला मात्र रोज सांगते.

घरातल्या पुरुषांनाही दोन शब्द. मुलांना चिडीस आणू नका, हे पौलाने इफिसकरांच्या पत्रात बापांना उद्देशून लिहिलं आहे. प्रार्थना म्हणजे बायकांचं काम असं समजून पेपर वाचत बसू नका. बाप स्वतःसाठी क्षमा मागतो तेव्हा घरातली हवाच बदलते. मी पाहिलं आहे.

आणि एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. घरात मारहाण होत असेल, दारूपायी जिवावर बेतत असेल, मुलाला कुणी त्रास देत असेल, तर ‘प्रार्थना करते आहे’ म्हणून गप्प बसू नका. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे नंबर आहेत, ते फिरवा. विश्वासातल्या वडीलधाऱ्यांना सांगा. मूल सतत उदास असेल, जेवण-झोप सोडली असेल, तर डॉक्टरकडे न्या. जखम बांधणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला प्रभूनेच सांगितला आहे. त्या माणसाने तेल-द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं आणि पैसेही दिले.

शेवटी एकच मागणं. आज रात्रीपासून सात रात्री एवढं करून बघा. प्रार्थनेत प्रत्येक मुलाचं नाव घ्या आणि त्याच्याबद्दल एका गोष्टीचे उपकार माना. त्या वाक्याला ‘पण’ जोडू नका. ‘हुशार आहे, पण आळशी आहे’ यातला ‘पण’ जिभेवर येईल. मला पहिले तीन दिवस रोज आला. तो आला की थांबा, श्वास घ्या आणि आमेन म्हणा. जे राहिलं ते देवाला माहीत आहे. मुलाला सांगायचं असेल, तर सकाळी चहाच्या वेळी त्याला जवळ बसवून सांगा.

तुमचीच एक बहीण