दोष धाग्याचा की उंचीचा?

दाढीचा कृत्रिम धाग्याचा ब्रश म्हणजे केवळ नाइलाज, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत जुन्या नायलॉनच्या ब्रशांपुरते खरे आहे. ते धागे टोकापर्यंत जाड असत आणि गालाला टोचत. आजचे चांगले धागे टोकाकडे निमुळते होतात, म्हणून स्पर्श मऊ लागतो. ब्रश दाबल्यावर किती उसळतो, हे मात्र धाग्याइतकेच गुच्छाचा व्यास आणि मुठीबाहेरची उंची यांवर ठरते. 24 मिलिमीटर व्यासाचा एकाच धाग्याचा गुच्छ 50 मिलिमीटर उंचीला ताठ, तर 55 ला सैल वाटतो. तेव्हा एका ब्रशवरून सगळा प्रकारच बाद करणे अन्यायाचे आहे.

कृत्रिम धागा पाणी शोषत नाही, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. डुकराचा केस भिजून मऊ पडतो, बॅजरचा केस भरपूर पाणी धरतो. कृत्रिम ब्रशात पाणी धाग्यांमधल्या फटींतच राहते आणि चटकन ओघळते. पण ब्रश आधी झटकून घेतला आणि साबण लागल्यावर थोडेथोडे पाणी वाढवले, तर फेस दाट होतो. शिवाय आधी भिजत ठेवावा लागत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यातही तो लवकर वाळतो. बॅजरचा स्पर्श ज्यांना प्रिय आहे, त्यांनी बॅजरचा ब्रश जरूर वापरावा. आवड म्हणून, श्रेष्ठतेचा पुरावा म्हणून नव्हे. पत्रलेखकांनी आपल्या ब्रशचा व्यास आणि उंची कळवावी, ही विनंती.

— एक वाचक