परक्याच्या रानांतील वाट

आमचा एक भाचा गेलीं कित्येक वर्षें अमेरिकेंत बोस्टन शहरीं राहतो. मध्यंतरीं त्याच्याकडून कांहीं छायाचित्रें आलीं. त्यांपैकीं एकांत तो व त्याची बारा वर्षांची कन्या सायकलींवर बसून दाट रानांतील एका उतारावरून खालीं येत आहेत. दोघांच्याहि अंगावर चिखलाचे शिंतोडे उडाले आहेत, आणि मुखावर तर असा कांहीं आनंद आहे कीं, जणूं पंक्तीस जिलबी वाढली आहे! तें चित्र आमच्या घरीं हातोहात फिरलें. आमच्या वडील भगिनींनीं चष्मा सांवरून तें न्याहाळलें व विचारलें, "त्या देशांत धड रस्ते नाहींत काय?" प्रश्न सरळ होता. उत्तर शोधतांना मात्र आम्हांस पुष्कळ दूरवर जावें लागलें, आणि तेथें जें आढळलें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं, अशा समजुतीनें आज तोच विषय घेतला आहे.

डोंगरांतून हिंडावयाच्या या सायकलीस तिकडे माउंटन बाइक म्हणतात. तिचें मूळ कॅलिफोर्नियांतील मरिन जिल्ह्यांत आहे. तेथील कांहीं तरुण जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून भरधांव खालीं येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं अशी पहिली शर्यत लाविली. त्या सायकलींचा ब्रेक पायंडल उलटें फिरवून लागत असे, आणि उतार इतका तीव्र कीं, तळाशीं पोंचेपर्यंत चाकाच्या आंसांतील ग्रीसचा धूर होऊन जाई. मग चाक उघडून पुन्हां ग्रीस भरावें लागे. यावरूनच त्या वाटेचें नांव 'रीपॅक' असें पडलें. पुढें १९७७ सालीं त्यांच्यांतीलच जो ब्रीझ यानें या कामासाठीं मुद्दाम नवा सांगाडा घडविला, आणि वीस वर्षें भरण्यापूर्वींच, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत या खेळास स्थान मिळालें. पोरांच्या खोडीला एवढी प्रतिष्ठा इतक्या लवकर क्वचित् लाभते.

आमचा भाचा जेथें जातो तो प्रदेश बोस्टनपासून उत्तरेस मोटारीनें सुमारें तीन तासांच्या अंतरावर आहे. संयुक्त संस्थानांपैकीं व्हरमाँट हें एक लहानसें संस्थान. त्याच्या ईशान्य कोपऱ्यांतील कॅलेडोनिया, एसेक्स व ऑर्लीन्स या तीन जिल्ह्यांस 'नॉर्थईस्ट किंग्डम', म्हणजे ईशान्येचें राज्य, असें भारदस्त नांव आहे. १९४९ सालीं सिनेटर जॉर्ज एकेन यांनीं एका भाषणांत तें वापरलें व तेव्हांपासून तें रूढ झालें. राज्य म्हणावें असें तेथें कांहींच नाहीं. गोलाकार टेकड्या, मेपल व बर्च यांचीं रानें, दुधाचा धंदा करणारे शेतकरी, लहान लहान गांवें, आणि पलीकडे कॅनडाची सरहद्द. ईस्ट बर्क हें त्यांतलेंच एक खेडें, बर्क नांवाच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें. येथें १९९४ सालीं गांवकऱ्यांनीं 'किंग्डम ट्रेल्स' ही संस्था स्थापिली. आज तिच्या देखरेखीखालीं शंभर मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत.

डोंगरांत वाट करणें म्हणजे झाडें तोडून मोकळें होणें, अशी आमची समजूत होती. ती साफ चुकीची ठरली. चाकापेक्षां पाणी हा वाटेचा मोठा शत्रू. वाट उतारावरून सरळ खालीं उतरविली तर पहिल्याच पावसांत तिचा ओढा होतो. माती वाहून जाते व दगड उघडे पडतात. म्हणून जाणते लोक वाट टेकडीच्या अंगानें आडवी नेतात. त्यांचा एक नियमच आहे कीं, वाटेचा चढ हा टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. टेकडी शंभर फुटांस तीस फूट उतरत असेल, तर वाटेनें शंभर फुटांत पंधरा फुटांपेक्षां अधिक चढूं नये. आणि एकंदर वाटेची सरासरी शेंकडा दहाच्या आंत राहावी. शिवाय वाटेची बाहेरची कड किंचित् खालीं झुकती ठेवितात, म्हणजे वरून आलेलें पाणी तिच्यावर न रेंगाळतां आडवें निघून जातें. मधून मधून उतरती वाट थोडीशी चढवून पुन्हां उतरवितात, त्यामुळें पाण्यास तेथेंच बाहेर पडावें लागतें. आणि स्वारास तो चढउतार म्हणजे झोंपाळ्यासारखी मौज वाटते! वळणावर बाहेरच्या अंगास मातीचा उभार देतात, तेणेंकरून वेगांत आलेलें चाक घसरत नाहीं. सह्याद्रींतील घाटवाटा ज्यांनीं पायांखालीं घातल्या आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. ओझ्याचा बैल सरळ चढ चढत नाहीं, हें आपल्याकडील तांडेवाल्यांस गणितावांचून ठाऊक होतें.

एवढें करूनहि वसंताच्या आरंभीं बर्फ वितळतें तेव्हां माती लोण्यासारखी मऊ होते. त्या दिवसांत या वाटा बंद ठेवितात. एका सायकलीची खोल रेघ उन्हांत वाळली कीं पुढचें पाणी तिच्यांतूनच वाहूं लागतें, आणि वर्षाची मेहनत फुकट जाते.

आतां खरी गोष्ट सांगावयाची ती पुढेंच आहे. या शंभर मैलांतील बहुतेक जमीन ना सरकारची, ना संस्थेची. ती सुमारें शंभर खासगी मालकांची आहे. कोणाचें कुरण, कोणाचें मेपलचें रान, कोणाच्या तर अगदीं परसाची कड. वाट एकाच्या हद्दींतून दुसऱ्याच्या हद्दींत जाते व स्वारास तें कळतहि नाहीं. हें सारें मुख्यतः त्या मालकांच्या संमतीवर चालतें. व्हरमाँटांत याची जुनी परंपरा आहे. तेथील १७७७ च्या घटनेंतच, कुंपण न घातलेल्या जमिनींत लोकांस शिकार करण्याची मोकळीक लिहून ठेविली आहे. जो मालक मोबदला न घेतां आपली जमीन लोकांच्या विहारास खुली ठेवील, त्याजवर परक्याच्या अपघाताचा बोजा फारसा पडूं नये, अशी तजवीजहि कायद्यांत आहे. तथापि कायदा दार उघडूं शकत नाहीं. फार तर उघडणाऱ्याचें भय कमी करूं शकतो.

या वाटांची कीर्ति पसरली. बोस्टन, न्यूयॉर्क आणि सरहद्दीपलीकडील क्वेबेक येथून स्वार येऊं लागले. एकट्या २०१९ सालीं त्यांच्या फेऱ्या सव्वा लाखाहून अधिक झाल्या, आणि बर्क गांवाची एकंदर वस्ती तर दोन हजारांच्याहि आंत! खाणावळी चालूं लागल्या, सायकलींचीं दुकानें निघालीं, शहरांत गेलेलीं मुलें परत येऊन धंदा करूं लागलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डार्लिंग हिल या टेकडीवरील एकमेकांस लागून असलेल्या तीन जमीनमालकांनीं संस्थेस कळविलें कीं, यापुढें आमच्या जमिनींवर सायकली नकोत. ती टेकडी म्हणजे या वाटांचें हृदयच. न्यूयॉर्कमध्यें हॉटेलच्या धंद्यांत श्रीमंत होऊन आपल्या गांवीं परतलेल्या एल्मर डार्लिंग यांनीं तेथें वाडा व शेतवाडी उभारली. तिच्यावरील सर्वांत आवडत्या वाटा एका दिवसांत बंद झाल्या. कारण गर्दीचें आणि कांहीं स्वारांच्या उद्धटपणाचें होतें.

पुष्कळांनीं या मालकांस दोष दिला. गांवाचा धंदा बसेल, असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. खाणावळवाल्याच्या मुलाबाळांचाहि प्रश्न होताच. परंतु पंचवीस वर्षें दिलेली सवलत घेणाऱ्यास हक्क वाटूं लागते, आणि ज्या दिवशीं तसें वाटूं लागतें त्या दिवसापासून तो आभार मानणें सोडतो. आमच्या मतें मालकांचें यत्किंचित् चुकलें नाहीं. हें आम्ही इतक्या ठामपणें कां म्हणतों, तेंहि सांगून टाकतों.

आम्ही आठवींत असतां आमच्या गांवीं शाळेची जवळची वाट एका वृद्ध गृहस्थांच्या आमराईंतून जात असे. सडकेनें गेल्यास मैलाचा फेर पडे. आमचे वडील त्याच वाटेनें कचेरींत जात. ओटीवर ते गृहस्थ दिसले कीं नमस्कार करून मगच पुढें पाऊल टाकीत. आम्ही मुलें सायकलींवरून शर्यत लावून जात असूं. एके दिवशीं पाटाच्या बांधावरून सायकली घातल्या. बांध फुटला व नव्या कलमांस चाललेलें पाणी रात्रभर भलतीकडेच वाहून गेलें. ते गृहस्थ कोणास कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं वाटेवर बाभळीच्या कांट्यांचें कुंपण होतें. वडील त्यांस भेटावयास गेले. ते म्हणाले, "अण्णा, तुम्हांला वाट केव्हांही मोकळी आहे. पण तुमच्यासाठीं कुंपण काढलें तर मुलांसाठींही निघतें." पुढें सात वर्षें, निवृत्त होईपर्यंत, वडील सडकेनें गेले. त्या सायकलींत एक आमची होती. वडिलांस तें ठाऊक होतें, आणि त्यांनीं कधींहि विचारलें नाहीं.

ईस्ट बर्कच्या संस्थेनें मात्र विचारपूस केली. मालकांचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें, स्वारांसाठीं वर्तनाचे नियम कडक केले, गर्दीस आळा घालण्याचे उपाय योजिले, व राहिलेल्या जमिनींवर नव्या वाटांची आंखणी केली. इतक्यांत २०२० सालीं महामारी आली. कॅनडाची सरहद्द बंद झाली, ती क्वेबेककरांस मोटारीनें ओलांडावयास नोव्हेंबर २०२१ उजाडला. गर्दी आपोआपच ओसरली, आणि त्या उसंतींत गांवास विचार करण्यास अवसर मिळाला.

भाच्याच्या पत्रांत शेवटीं चार ओळी आहेत. परत येतांना त्याच्या कन्येस रानांत एक सुंदर वाट दिसली. ती आंत वळणार तोंच तोंडाशीं सायकलींस मनाई असल्याची पाटी आढळली. आसपास कोणी नव्हतें. "कोण पाहतंय, बाबा?" असें तिनें विचारलें. तेव्हां दोघें सायकलींवरून उतरलीं, आणि आल्या वाटेनें परत फिरलीं. तिला त्यानें काय सांगितलें, तें पत्रांत नाहीं. वडील भगिनींनीं पत्र दोनदां वाचावयास लाविलें, व छायाचित्र आपल्या पोथीच्या रुमालांत ठेवून घेतलें.