शेगडीच्या आठवणी आणि उबेचा हक्क

ब्रिटनमध्ये हिवाळा आला की एका विशिष्ट स्मरणरंजनाला बहर येतो. दगडी कोळशाची धगधगती शेगडी, तिच्याभोवती जमलेले कुटुंब, कोपऱ्यात लाकडी पेटीतला कृष्णधवल दूरचित्रवाणी संच आणि साऱ्या देशाने एकाच रात्री पाहिलेला एकच कार्यक्रम, असे ते चित्र असते. त्या काळी माणसे कणखर होती, गरजा थोड्या होत्या, घरात माया होती, हा त्याचा मथितार्थ. म्हाताऱ्यांची हळहळ म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याकडे दुर्लक्ष करणे मात्र चुकीचे ठरेल. भूतकाळाचे चित्र कोण रंगवतो आणि त्यातून काय वगळतो, हा राजकारणाचाच प्रश्न असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. 1970 सालीही ब्रिटनमधील दर दहा घरांपैकी जेमतेम तीन घरांत संपूर्ण घर तापवण्याची सोय होती. इतरत्र एक खोली उबदार आणि बाकीचे घर गारठलेले, हाच नियम. निजायच्या खोलीत खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटे. आठवणीत ती नक्षी सुंदर दिसते. परंतु पहाटे उठून शेगडीतली राख काढणारी आणि कोळशाच्या बादल्या वाहणारी गृहिणी त्या आठवणीत क्वचितच दिसते. धुराचाही विसर पडतो. 5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत लंडनवर धुरकट धुक्याचे सावट पसरले. त्याचे सुमारे चार हजार बळी तेव्हाच मोजले गेले. पुढील संशोधनाने हा आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. त्यानंतर 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला.

दूरचित्रवाणीचेही तसेच. संच विकत घेणे अनेक कामगार कुटुंबांना परवडत नसल्याने तो भाड्याने आणला जाई. काही संचांना नाणे टाकण्याची पेटी जोडलेली असे. गॅसच्या मीटरचीही हीच तऱ्हा. नाणे संपले की कार्यक्रम ऐन रंगात असताना चित्र मालवे, आणि शेगडीही विझे. या सुखाला मिनिटांचे मोल होते आणि ते गरिबाकडून आगाऊ वसूल केले जात होते.

शेगडी आणि संच या दोहोंमागे एकच माणूस उभा होता, तो म्हणजे खाणकामगार. घरातला कोळसा त्याचा आणि वीजही मुख्यतः त्याच्याच कोळशाची. 1973 च्या अखेरीस खाणकामगारांनी जादा काम नाकारले तेव्हा पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने 17 डिसेंबरपासून दूरचित्रवाणीचे प्रसारण रात्री साडेदहाला बंद करावयास लावले आणि जानेवारी 1974 पासून उद्योगांवर तीन दिवसांचा आठवडा लादला. फेब्रुवारीत संप झाला, निवडणूक झाली आणि हीथ यांची सत्ता गेली. आज त्या काळातील मेणबत्त्यांच्या उजेडाच्या गोष्टी हौसेने सांगितल्या जातात. संपकऱ्यांच्या मागणीचा उल्लेख मात्र त्यांत अभावानेच आढळतो.

मग त्या काळात जपण्याजोगे काहीच नव्हते काय? होते, पण ते शेगडीत नव्हते. 1967 ते 1977 या दशकात सार्वजनिक मालकीच्या गॅस उद्योगाने सुमारे 1 कोटी 30 लाख ग्राहकांची उपकरणे घरोघर जाऊन उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूसाठी बदलून दिली. पार्कर मॉरिस समितीने 1961 साली सुचवलेली घरांची मानके 1969 पासून नगरपालिकांच्या नव्या घरांना बंधनकारक झाली. बाहेर गोठणबिंदूखाली थंडी असली तरी बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत तापली पाहिजे, हे त्यांत लिहिलेले होते. 1966 साली बीबीसीने केन लोच यांचे ‘कॅथी कम होम’ दाखवले आणि बेघर कुटुंबांची दैना घराघरांत पोहोचवली. ऊब आणि माहिती या नफ्याच्या वस्तू नसून समाजाचे दायित्व आहेत, या विचाराची ही फळे होती.

हे दायित्व पायरीपायरीने मोडीत काढले गेले. 1980 साली घरांच्या मानकांची सक्ती उठली, 1986 साली गॅस खाजगी झाला, पाठोपाठ वीज आणि 1994 साली कोळसाही. 2022-23 च्या हिवाळ्यात थकबाकीदारांच्या घरांत न्यायालयाच्या हुकुमाने शिरून आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसवले जात होते. बोभाटा झाल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये ते थांबवावे लागले. नाण्याची पेटी गेली, पण तिचे तत्त्व शाबूत राहिले. 2024 साली तर मजूर पक्षाच्याच सरकारने सुमारे एक कोटी वृद्धांचे हिवाळी इंधन अनुदान बंद केले. लोकक्षोभानंतर 2025 मध्ये त्यातील बहुतेकांना ते परत द्यावे लागले.

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप न्याय नव्हे. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधील अॅबरफॅन येथे खाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळला. 116 मुले आणि 28 प्रौढ गाडले गेले. चौकशी मंडळाने राष्ट्रीय कोळसा मंडळालाच दोषी ठरवले. तरीही उरलेले ढिगारे हटवण्यासाठी मृतांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. मजूर सरकारचाच तो काळ होता. लोकांना उत्तरदायी नसलेली मालकी केवळ मालकाचे नाव बदलते.

हा धडा महाराष्ट्रालाही परका नाही. चुलीवरच्या भाकरीच्या चवीचे गोडवे येथेही गायले जातात. फुंकणीने निखारा फुलवताना जिचे डोळे धुराने चुरचुरले, तिचे मत मात्र सहसा कोणी विचारत नाही.

स्मरणरंजनाची टवाळी करून भागणार नाही. त्यात सुरक्षिततेची खरी भूक दडलेली असते. ती भूक ओळखली नाही, तर ‘पूर्वी लोक थंडी सोसत होते, आताही सोसावी’ असे सांगणारे तिचा ताबा घेतात. पूर्वीच्या पिढीने थंडी गुण म्हणून पत्करली नव्हती, निरुपायाने सोसली होती. आणि ज्या दिवशी उपाय हाती आला, त्या दिवशी तिने शेगडी आनंदाने विझवली. तो उपाय सर्वांच्या हाती राहावा, एवढीच मागणी त्या आठवणींतून पुढे नेण्याजोगी आहे.